दाताची पाडी

पत्रक दुकानात पैसे द्यायच्या टेबलावर पडलेलं होतं. इस्सातने कॉफीची दोन पाकिटं आणि स्कूटरचं तेल घेतलं, पैसे काढले, आणि त्याची नजर त्या चकचकीत कागदावर गेली. कागदावर मुझेत होता. त्याच्या बायकोचा, गारेनचा रेनडिअर. शिंगांना लाल लोकरीचे गोंडे, गळ्यात घुंगरांची माळ, आणि मागे बर्फगाडीत दोन लठ्ठ माणसं बसून हात हलवत होती. खाली चार भाषांत लिहिलं होतं की एका दिवसात सामी कळपवाल्यांच्या जीवनाचा अनुभव घ्या, जेवणासकट.

इस्सातने एकच भाषा वाचली. तेवढी पुरली.

"एका दिवसात!" तो दुकानदारिणीला म्हणाला. "मी बासष्ट वर्षं घेतोय अनुभव, अजून संपला नाही."

"घ्या ना एक. फुकट आहे."

"फुकटच असणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोर आणि मोहरकी घेऊन निघाला. उणे अठ्ठावीस होतं. बर्फावरची स्कूटर तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. राव्नाचं घर नदीच्या पलीकडे, तासाभराच्या वाटेवर. राव्ना ही गारेनची धाकटी बहीण. अकरा वर्षांपूर्वी तिने अंगणात पहिली पाटी लावली आणि आल्ता शहरातून बसने येणाऱ्या पाहुण्यांना गाडीत बसवून फिरवायला लागली, त्या दिवसापासून इस्सातने त्या अंगणात पाय ठेवला नव्हता. रेनडिअर कळपात असतो, नाहीतर पातेल्यात असतो. माकडाच्या खेळात नसतो. हे त्याने तेव्हा राव्नाला तोंडावर सांगितलं होतं आणि नंतर पुन्हा सांगायची गरज त्याला वाटली नाही.

गारेन मात्र जायची. दर मंगळवारी. बहिणीकडे कॉफीला जाते असं म्हणायची आणि इस्सात काही विचारायचा नाही. तिने मुझेतला तीन हिवाळे खपून गाडीला लावला होता. पाडस असताना त्याचे कान तिनेच कापले होते, तिच्या स्वतःच्या मालकीच्या खुणेत. आजार वाढला तेव्हा ती स्वतःच त्याला राव्नाकडे सोडून आली. "मला आता त्याला फिरवायला होत नाही. तिथे त्याचे पाय मोकळे राहतील," असं म्हणाली. इस्सातला ते मुळीच पटलं नव्हतं, पण आजारी माणसाशी काय भांडणार? एप्रिलमध्ये, कळप किनाऱ्याकडे निघायच्या आठवडाभर आधी, ती गेली. आता फेब्रुवारी चालला होता. दहा महिने तो वाट बघत होता की राव्नाला लाज वाटेल आणि ती मुझेतला आणून देईल.

राव्नाला लाज वाटली नव्हती. तिने पत्रक छापलं होतं.

अंगण बघून त्याला हसू आलं, रागाने येतं तसलं. फाटकावर शिंगांची कमान केलेली. शिंगांच्या मुठी चाकूला करतात, शिंगं विकतात, कमानी कुठल्या शहाण्याने केल्या? एका ओंडक्याला आणखी एक शिंगांची जोडी ठोकली होती, पाहुण्यांना फास टाकून बघायला. ओंडका पळत नाही, म्हणून.

राव्ना तंबूतून बाहेर आली. कडेवर नात होती, कातड्यात गुंडाळलेली.

"या दाजी," ती म्हणाली, जणू तो कालच येऊन गेला होता. "कॉफी?"

"मुझेतला न्यायला आलोय."

"कळलं ते. हातात दोर घेऊन कॉफीला कुणी येत नाही. मला वाटलं होतं उन्हाळ्यातच याल."

"मला वाटलं होतं उन्हाळ्यातच आणून देशील."

"म्हणजे दोघांनाही वाटत बसायची हौस." तिने बाळाची टोपी खाली ओढली. "न्या. पण आत्ता नाही. बस पोचतेय, आठ जण आहेत, आणि गाडी हाकणारा माहत्ते तापाने पडलाय. पुढे मुझेतच लागतो. बाकीचे चार त्याच्या मागून चालतात, एरवी त्यांना रानच दिसतं. एक फेरी मारून आणा. दुपारी तुमच्याशी बोलायचंय, मग काय न्यायचं ते न्या."

"मी यांना खेळवायला आलेलो नाही."

"तोंड उघडायची गरजच नाही. गप्प बसायचं आणि कपाळाला आठ्या घालायच्या. लोकांना तेच आवडतं. माहत्तेला किती शिकवलं तरी जमत नाही, तुम्हाला उपजतच आहे."

मुझेत कुंपणाला बांधलेला होता. इस्सातने आधी त्याच्या कानावरून बोट फिरवलं. हिवाळ्याच्या दाट केसांतही खूण लागली. टोकाला तिरपा छेद, खाली दोन खाचा. गारेनची. निदान तेवढं तरी राव्नाने शाबूत ठेवलं होतं. मुझेतने त्याच्या हाताचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. अंगाने भरला होता, खूरही नीट होते. इस्सातला त्याचाही राग आला. दुबळा, लंगडा दिसला असता तर बोलायला काही सापडलं असतं.

पुढचा दोर दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा ही कल्पनाच त्याला सोसेना. एक फेरी, असं मनाशी म्हणून तो गाडीत बसला.

बसमधून आठ जण उतरले. सगळ्यांना एकसारखे राखाडी फुगीर पोशाख दिले होते, त्यामुळे बाई कोण आणि बुवा कोण तेही कळेना. एकाने मफलर लाल घातला होता, म्हणून तो तेवढा वेगळा दिसत होता. बूट सगळ्यांचे घट्ट. घट्ट बुटात बोटं आधी गोठतात, हे इथल्या चार वर्षांच्या पोराला कळतं. इस्सातच्या पायात केसाळ कातडी जोडे होते, आत वाळलेलं गवत भरलेलं. एक बाई वाकून ते गवत बघायला लागली, मग तिने फोन काढून त्याचा फोटो घेतला. गवताचा.

"तिच्या देशात गवत नसतं का?" त्याने सुन्नाला विचारलं.

सुन्ना ही राव्नाची मुलगी, बाळाची आई. ती गाडीबरोबर स्कीवर चालणार होती आणि पाहुण्यांशी बोलणार होती.

"असतं काका. पण बुटात नसतं."

"म्हणूनच डोक्यात भरतात."

सुन्ना हसली आणि पाहुण्यांकडे वळून भलतंच काहीतरी म्हणाली. पाहुणे खूश झाले.

पाच गाड्या निघाल्या. प्रत्येक रेनडिअर पुढच्या गाडीला बांधलेला, सगळ्यात पुढे मुझेत आणि इस्सात. मुझेत छान चालत होता. घुंगरं वाजत होती, त्यांनी इस्सातचं डोकं उठलं. पठारावर सूर्य नुकताच वर आला होता आणि थोड्याच तासांत मावळणार होता. मागून "ओ" आणि "आ" ऐकू येत होतं. कशाला ओ आणि कशाला आ, ते इस्सातला कळेना. बर्फ होतं. चार बर्चची झाडं होती. आणखी बर्फ होतं.

पहिल्या थांब्याला एक चष्मेवाली बाई आली आणि काहीतरी विचारू लागली.

"काका, तोच प्रश्न," सुन्ना म्हणाली. "तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत?"

हे म्हणजे बँकेत किती पैसे आहेत ते विचारणं, आणि तेही चारचौघांत, तोंडावर. दारुडादेखील दारुड्याला हे विचारत नाही.

"सांग तिला, तिच्या बसमध्ये मावणार नाहीत एवढे. आणि तिच्या डोक्यात तर एकही मावणार नाही."

सुन्नाने सांगितलं, "पुरेसे आहेत म्हणतात." बाईने मान डोलावली आणि लिहून घेतलं.

परतीच्या वाटेवर नदीकाठी दुसरा थांबा होता. लाल मफलरवाला गाडीतून उतरला, इकडेतिकडे बघितलं, आणि एका बर्चमागे गेला. इस्सातचं लक्ष नव्हतं. तो मुझेतच्या शिंगांवरचे गोंडे कसे बांधलेत ते बघत होता आणि मनात राव्नाला शिव्या घालत होता. मुझेतने एकदम मान वर केली. नाकपुड्या फुगल्या.

रेनडिअरला मीठ मिळत नाही, म्हणून माणसाच्या मुताची त्याला फार आवड. गाडीचं जनावर जवळ असताना कुणी असा आडोशाला जात नाही, आणि गेलाच तर आधी दोर पक्का धरायला सांगून जातो. हे इथल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. मफलरवाल्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि इस्सातने दोर हाताला नुसता एक वेढा देऊन ठेवला होता.

मुझेत सुटला. मागचे चारही त्याच्यामागून सुटले. गाड्यांत बसलेली सात माणसं किंचाळत बर्चकडे निघाली. मफलरवाल्याने मान वळवून बघितलं, पाच शिंगाळ डोकी आपल्यावर चालून येताना त्याला दिसली, आणि तो फुगीर पोशाख गुडघ्यापर्यंत ओढलेल्या अवस्थेत पळाला. तीन पावलं पळाला आणि कमरेपर्यंत बर्फात रुतला. मुझेतने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो पिवळं बर्फ चाटायला लागला.

"हट! चल! ए!" इस्सात ओरडला. दोर ओढला, दोराने कुल्ल्यावर फटका दिला. मुझेत चाटत राहिला. इस्सातने चाळीस वर्षं जनावरं हाकली होती आणि आत्ता एका खच्ची नराने त्याला सात परदेशी लोकांसमोर खुंटासारखा उभा केला होता. आठवा अजून पोशाख वर ओढत होता.

मागून आवाज आला. जिभेने दोनदा टक् टक् आणि मग घशातून एक लांब हुंकार. मुझेतने मान उचलली, बर्फ सोडलं, आणि आवाजाच्या दिशेने चालायला लागला. आवाज सुन्नाने काढला होता.

तो आवाज इस्सातच्या ओळखीचा होता. तीन हिवाळे त्याने तो घराच्या भिंतीतून ऐकला होता.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"मावशीने. आणखी कोण शिकवणार?"

"कधी?"

"दर मंगळवारी. काका, तुम्हाला काय वाटायचं, ती इथे येऊन काय करायची?"

कॉफी प्यायची, असं त्याला वाटायचं. मफलरवाल्याला त्याने दोन्ही बगलांत धरून बर्फातून उपसलं आणि गाडीत पोतं टाकावं तसं टाकलं. त्या माणसाने त्याचे पुन्हापुन्हा आभार मानले.

तंबूत शेकोटी होती आणि पातेल्यात मांसाचा रस्सा रटरटत होता. पाहुणे वाट्या घेऊन कातड्यांवर बसले. इस्सातला खायचं नव्हतं, पण वासापुढे त्याचं काही चालेना. रस्सा चांगला होता. गारेन करायची तसाच, मीठ बेताचं. तोही त्याने रागानेच खाल्ला.

राव्ना मांडीवर बाळ घेऊन बोलायला लागली. इस्सातला त्यातलं अर्धंमुर्धं कळत होतं आणि जेवढं कळत होतं तेवढं पुरे होतं. आमच्याकडे असं असतं, आमच्याकडे तसं असतं. आमच्याकडे, आमच्याकडे. अंगणातला ओंडका पण आमच्याकडचाच. मग तिने चांदीचा चमचा काढला.

"मुलाचा पहिला दात ज्याला आधी सापडतो, त्याने त्या मुलाला एक रेनडिअर द्यायचा," ती म्हणाली. "चमचा हिरडीवर वाजवून बघतात. हिचा दात माझ्या थोरल्या बहिणीला सापडला. याच चमच्याने."

इस्सातची वाटी हातात राहिली.

"मग दिला का तिने रेनडिअर?" चष्मेवालीने विचारलं.

राव्नाने शेकोटीवरून इस्सातकडे बघितलं. "आज तुमच्या पुढे चालत होता ना, तो तिनेच आणून बांधलाय."

इस्सात उठला. तंबूच्या उतारामुळे त्याला वाकूनच उभं राहावं लागलं.

"खोटं," तो आपल्या भाषेत म्हणाला.

"दाजी, बसा. नंतर बोलू."

"नंतर कशाला? यांना सांगतेस, मला नाही? दाताला खच्ची नर कुणी देतं? पाडी देतात, पाडी! तिला पुढे पाडसं होतात आणि पोराचा कळप वाढतो. खच्ची नराला काय होणार आहे? घुंगरं? गारेन माझ्या बापाला रेनडिअर शिकवायची, आणि ती दाताला मुझेत देणार? थापा तरी अशा मार की कळपवाल्याला पटतील. या फुग्यांना काय, उद्या सांगशील ओंडकापण दाताचाच!"

"ओरडू नका, पोर उठेल."

"मेलेल्या बाईच्या नावावर जनावर लाटतेस आणि वर त्याची गोष्ट करून विकतेस!"

बाळ उठलं आणि रडायला लागलं. सगळे पाहुणे फोन वर धरून चित्रण करत होते. इस्सात थांबला. मग मफलरवाल्याने टाळ्या वाजवल्या, आणि त्याचं बघून सगळ्यांनी.

"ही जुनी पद्धत आहे का?" चष्मेवालीने सुन्नाला विचारलं.

"फार जुनी," सुन्ना म्हणाली.

राव्ना बाळाला घेऊन बाहेर पडली. इस्सात तिच्या मागून गेला. लाकडाच्या ढिगाजवळ ती थांबली आणि वळली. तिचं तोंड लाल झालं होतं.

"झालं? तुंबलेलं मोकळं झालं? आता मी बोलते. मुझेत दाताचा नाही, बांधलाय म्हटलं मी. मी काय कळपवाल्याची पोर नाही? मला कळत नाही दाताला काय देतात? तिने पाडीच कबूल केली होती. मार्चमध्ये, त्या खिडकीजवळ खाट टाकली होती, त्यावर बसून. चमचा टक् वाजला आणि ती एवढी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, पांढऱ्या तोंडाच्या मादीची पाडी. जूनमध्ये कान कापताना देईन म्हणाली. मग तिलाच कळलं की जून तिला काही दिसत नाही."

इस्सातने त्या खिडकीकडे बघितलं.

"मी म्हटलं, ताई, दाजींना सांग, ते देतील. तर म्हणाली, त्याला तुझ्या दारात यायला सांगितलं तर तो मरेपर्यंत येणार नाही. पोरीसाठी येणार नाही, माझ्यासाठीदेखील येणार नाही. मुझेतसाठी येईल. मुझेतला इथेच ठेव. तो येईल तणतणत, तेव्हा सांग. आणि बोलावू नकोस, बोलावलं की फुगतो."

"असं म्हणाली?"

"शब्द न शब्द. शेवटचा तर दोनदा."

त्याला ती संध्याकाळ आठवली. गारेन राव्नाकडून परत आली होती, सुन्नानेच स्कूटरवर आणून सोडलं होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या तिने विचारलं होतं, पांढऱ्या तोंडाची गाभण आहे का? आहे, असं तो म्हणाला होता. पाडी होईल का रे? पाडीच व्हायला हवी, पाडीच, असं ती पुन्हा म्हणाली होती. त्याला वाटलं, औषधाने बरळतेय. त्याने तिच्या अंगावर पांघरूण घातलं होतं आणि रेडिओ लावला होता.

पाडीच झाली होती. जूनमध्ये त्याने ती फासाने धरली, चाकू काढला, आणि मेलेल्या बाईची खूण कापायला त्याचा हात धजला नाही. त्याने स्वतःची खूण कापली होती. गारेनच्या माद्यांची त्या वर्षीची सगळी पाडसं त्याने आपल्याच खुणेत घेतली. ती खूण आता संपली, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

सगळ्यांना तो मूर्ख म्हणत आला होता. अकरा वर्षं. आणि या घरातल्या सगळ्यांना आधीपासून माहीत होतं की इस्सात तणतणत येईल आणि काय बोलेल. मुझेतला गवताचा वास दाखवून आणतात तसं त्याला मुझेत दाखवून आणलं होतं.

"दहा महिने सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"दफनाला तुमच्या शेजारी उभी होते. तुम्ही एकदा तरी मान वळवलीत?"

त्याने वळवली नव्हती. तंबूतून हसण्याचा आवाज येत होता. बाळाचं रडणं थांबलं होतं आणि ते इस्सातच्या टोपीकडे बघत होतं.

"हिचं नाव काय?"

"इंगा. दीड वर्षाची व्हायला आली, आणि आज विचारताय."

त्याने हातमोजा काढला, बोट बाळाच्या तोंडात घातलं आणि हिरडीवरून फिरवलं, सकाळी मुझेतच्या कानावरून फिरवलं होतं तसंच. वर चार, खाली दोन. इंगाने कचकन चावा घेतला.

"सहा झाले," तो बोट झटकत म्हणाला. "एका दाताची गोष्ट होती."

"व्याज नकोय. एक पाडी द्या."

"जूनमध्ये किनाऱ्यावर आण तिला. कुंपणात. आणि हे दुकानातले बूट घालून आणू नकोस, माझी अब्रू जाईल."

"कान कुठल्या खुणेत कापायचे? हिची खूण अजून ठरलेली नाही."

इस्सातने हातमोजा घातला. त्याला बराच वेळ लागला.

"नवीन कशाला हवी? गारेनची आहे ना पडलेली. तीच घ्या. त्या पाडीला माझी खूण बसली, पण तिची आई पांढऱ्या तोंडाची गारेनच्याच खुणेतली, तिचे कान पुन्हा कापायला नकोत. तीच जाऊ दे हिला, तिच्या आधीच्या तीन पाड्यांसकट."

राव्नाने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

तो कुंपणाकडे गेला. मुझेत शेवाळ खात उभा होता. इस्सातने त्याच्या शिंगांचे गोंडे सोडले, गळ्यातली घुंगरं काढली, आणि सगळं राव्नाच्या हातात कोंबलं.

"हे त्या ओंडक्याला बांध. माझ्या बायकोचं जनावर आहे, तमाशातलं नाही."

"म्हणजे न्यायचा नाही?"

"पाडी पोचेपर्यंत तिने इथे बांधलाय ना? मग बांधलेला राहू दे. मला नियम शिकवू नकोस." त्याने दोर आणि मोहरकी स्कूटरच्या मागे टाकली. "माहत्तेचा ताप कधी उतरतोय?"

"शनिवारची बस आहे, दाजी."

"मी बसचं विचारलं नाही. दोर नुसता वेढा देऊन धरायचा नाही, दोन गाठी मारायच्या, हे त्याला कुणीतरी दाखवायला हवं. नाहीतर हे लोक इथेतिथे मुतत राहतील आणि मुझेत नदीत जाईल."

"आज दोर कुणी धरला होता?" राव्नाने विचारलं.

इस्सातने स्कूटर सुरू केली. ती पहिल्याच झटक्याला सुरू झाली, त्यामुळे उत्तर द्यायची वेळ आली नाही. शिंगांच्या कमानीखालून जाताना त्याला मान वाकवावी लागली, आणि कमान एवढी बुटकी केल्याबद्दल त्याने राव्नाला आणखी एक शिवी हासडली.